सात हाली, सहा कलदार

शंभरेक वर्षांपूर्वी पाटोद्याकडचा शेतकरी आषाढीला निघाला की त्याला दोन राज्यांच्या पैशांचा हिशोब सांभाळावा लागे. घरी चालणारा रुपया निजामाचा, चारमिनारचं चित्र असलेला. त्याला लोक हाली म्हणत. पंढरपुरात चालणारा रुपया इंग्रजांचा, तो कलदार. ढोबळ भाव असा की सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती यावेत. देवाच्या दारी पोचायच्या आधीच सातातला एक रुपया वाटेत गळत असे.

आणि वाट तरी किती फसवी! पैठणहून निघणारी नाथांची पालखी आजही शिरूर कासार तालुक्यातल्या रायमोह्यावरून पाटोद्याला येते, तिथून खर्डा, मग परंडा, आणि सीना ओलांडून करकंबमार्गे पंढरपूर. आज या वाटेवर फक्त जिल्ह्यांच्या पाट्या बदलतात. तेव्हा राज्यंच बदलत. पाटोदा निजामाचं. खर्डा जामखेड तालुक्यात, म्हणजे नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांचं. परंडा पुन्हा निजामाचं. सीनेपलीकडे पुन्हा इंग्रज. निजामाच्या राज्याचा स्वतःचा जकातीचा महसूल होता, त्याला करोडगिरी म्हणत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि माल इकडून तिकडे नेणाऱ्याला तिथे जकात मोजावी लागे. कचेरीची भाषा उर्दू, टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वेही निजामाची निराळी. बीडची माणसं आपल्या मुलखाला मोगलाई म्हणत आणि पलीकडच्याला इंग्रजी. पासपोर्ट लागत नसे एवढंच. बाकी सगळा परदेशच.

त्या परदेशात ही माणसं कशाला जात? दर्शनाला, हे उत्तर खरं, पण पुरतं नव्हे. आषाढीच्या गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोचणारे थोडेच. पुष्कळ जण कळसाला हात जोडून वाळवंटात येऊन बसत आणि कीर्तन ऐकत. एका फडाचं संपलं की दुसऱ्या फडाचं. वर आभाळ, खाली चंद्रभागेची वाळू, शेजारी खानदेशातला कुणी, पुढे कोकणातला. तिकीट नाही, खुर्ची नाही, दारावर नाव विचारणारा कुणी नाही. हजारो परक्या माणसांत बसून फुकट गाणं ऐकायचं, चाल कानात साठवायची आणि ती पायी गावाला आणायची. बीड जिल्ह्याच्या मातीत आज गावोगाव जे अखंड हरिनाम सप्ताह उभे राहतात, त्यांचं बरंचसं बियाणं असं सरहद्दीपलीकडून पदराला बांधून आलेलं आहे.

घरी गाणं नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे; 'विवेकसिंधू'ची रचना ११८८ सालची मानली जाते. त्याच गावचे सोळाव्या शतकातले दासोपंत म्हणजे तर लिहिण्याचा डोंगर. गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहून त्यांचं मन भरलं नाही. त्यांनी गाण्यासाठी पदं रचली आणि कागद अपुरा पडला म्हणावं तसं चक्क एका लांबलचक पासोडीवर लिहून ठेवलं. ती पासोडी अजून आहे. बीड शहर तर पालख्यांचा थांबा. मुक्ताबाईंची पालखी पंढरीच्या वाटेवर बीडला येते तेव्हा तिथल्या गोविंदपंतांच्या समाधीशी तिची भेट घडवतात. परंपरेनं ते मुक्ताबाईंचे आजोबा. म्हणजे नात आजोबांना भेटायला येते आणि सगळा गाव रस्त्यावर उतरतो. हे सगळं होतं. नव्हते ते शिकवून तयार झालेले कीर्तनकार, गावागावाला पुरतील इतके.

कीर्तन तोवर फडांचं आणि घराण्यांचं होतं. बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे ते जायचं. कुठल्या फडाचं कीर्तन वाळवंटात कुठे आणि कुठल्या तिथीला, हेही ठरलेलं. ही चौकट विष्णुबुवा जोगांनी मोकळी केली. १९१७ च्या गुढीपाडव्याला त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचं शिक्षण, फी नाही, पोटासाठी माधुकरी. शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या पोरानंही ज्ञानेश्वरी, गाथा आणि थोडं संस्कृत शिकून कीर्तनाला उभं राहावं, अशी ती सोय. जोग १९२० मध्ये गेले. पण त्यांच्याभोवती जमलेल्या माणसांनी संस्था पुढे नेली. त्यांत पुढे प्राचार्य झालेले सोनोपंत दांडेकर होते आणि बीड जिल्ह्यातल्या नेकनूरचे बंकटस्वामी होते.

नेकनूर मोगलाईत, आळंदी इंग्रजीत. बंकटस्वामींच्या मागून मोगलाईतली आणखी मुलं आळंदीला गेली. त्यांतलाच एक सावरगाव घाटच्या सानपांचा आबाजी. जन्म १८९६ चा. घरची गुरं, डोंगराची जमीन. नारायणगडावर माणिकबाबांच्या हाताखाली त्याचं घडणं सुरू झालं आणि पुढचा अभ्यास आळंदीत झाला. परतला तेव्हा लोक त्याला भगवानबाबा म्हणू लागले.

परतल्यावर त्यांनी जे केलं त्याचा अर्थ लावताना बऱ्याचदा फक्त भक्तीचं बोललं जातं. त्यातली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. पंढरपूर-आळंदीला जाणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं: सातातला एक रुपया, पंधरवड्याची पायपीट, पेरणीचे दिवस. मग वाळवंटच गावाला आणलं तर? १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेला त्यांचा नारळी सप्ताह हा तसा फिरता आहे. एका वर्षी एक गाव. सांगतेच्या दिवशी पुढच्या वर्षाचा नारळ ज्या गावाला मिळतो त्या गावावर जबाबदारी. नारळ मिळावा म्हणून गावं आधीपासून शब्द टाकून ठेवतात. या सप्ताहानं आता नव्वदी ओलांडली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो शिरूर कासार तालुक्यातल्या घाटशीळ पारगावला झाला.

हे सुरू झालं तो काळही लक्षात घ्यायला हवा. निजामाच्या राज्यात तेव्हा 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम होता. सभा भरवायची तर आधी परवानगी काढायची. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या जुन्या पिढीला हा आकडा तोंडपाठ असे. १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते अशाच हुकमांशी झगडत. भाषण ऐकायला शंभर माणसं जमवणं जिथे अवघड, तिथे हजारो माणसं एका शेतात सात दिवस एकत्र बसतात, जेवतात, एका सुरात गातात, ही गोष्ट साधी म्हणता येत नाही. सप्ताह राजकीय होता असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण जत्रा, उरूस आणि सप्ताह यांपलीकडे सामान्य माणसाला एवढ्या गर्दीत असण्याचा अनुभव मिळायला दुसरी जागा उरलेली नव्हती.

आता त्या शेताकडे जाऊ.

चैत्राच्या तोंडाशी रब्बी निघालेली असते. ज्वारीची काढणी झालेली, कडबा रचलेला, रानं उघडी. गावाजवळच्या सलग रानातली धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन दाबायची. झालं मैदान. मांडव पडतो. मध्ये वीणा. ती सात दिवस आणि सात रात्री खाली ठेवायची नाही, म्हणून पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा असेल त्यानं वीणा गळ्यात घालून उभं राहायचं. पहाटे चारला काकडा. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण. दुपारी गाथाभजन, चारला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ. रात्री नऊ ते अकरा कीर्तन. त्यानंतर ज्यांना झोप नको त्यांच्यासाठी जागर. जगातल्या कुठल्याही संगीत महोत्सवाच्या आयोजकानं हे वेळापत्रक पाहून कपाळाला हात लावावा.

रात्रीच्या कीर्तनाला खरी गर्दी. कीर्तनकार मधोमध, मागे दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, एका अंगाला मृदंगी, दोन-चार चाली म्हणणारे गायक. नमन होतं, रूपाचा अभंग होतो, मग निरूपणाचा अभंग लागतो आणि त्याचं ध्रुपद टाळकरी उचलतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, तेच ते किती वेळ म्हणणार? पण कर्णे येण्याआधीच्या दिवसांत या पुनरुक्तीतच सगळी करामत होती. एका माणसाचा आवाज कितीही पहाडी असला तरी पाच-सहा हजारांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. पण त्यानं म्हटलेली ओळ पन्नास टाळकऱ्यांनी उचलली, पुढच्या रांगांनी धरली, की ती मागे सरकत जाते. शेवटचा माणूस कीर्तनकाराला ऐकत नसतो, आपल्या पुढच्या माणसाला ऐकत असतो. आणि ओळ त्याला आधीच पाठ असते. दृष्टांत ऐकू आला नाही तर शेजारी सांगतो.

१५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले तेव्हा पंचावन्न हजारांवर माणसं जमली होती. आरडाओरड्यात स्टेडियमचे कर्णे बुडाले आणि गाणाऱ्यांना स्वतःचा आवाजही धड ऐकू आला नाही. तिकडे गर्दी आणि गाणं एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली. त्याच वर्षीच्या जानेवारीत भगवानबाबा गेले. त्यांनी आयुष्यभर ज्या गर्दीपुढे कीर्तन केलं त्या गर्दीचा आवाज हाच कीर्तनाचा कर्णा होता. तुलना थोडी लांबची आहे, हे मान्य. पण मैदानभर माणसांना ऐकवायचं कसं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता.

मृदंग्याविषयी वेगळं सांगायला हवं. सप्ताहात सगळ्यात जास्त राबतो तो हा. काकड्यापासून जागरापर्यंत हात चालू, आणि कीर्तनकार सातही रात्री बदलतो, प्रत्येकाची चाल निराळी, लय निराळी. या कारखान्यातून केवढा कलावंत निघू शकतो ते अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावनं दाखवलं. शंकरबापू आपेगावकर वारकरी भजन-कीर्तनात वाढलेले पखवाजिये. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापूही पखवाजातलं मोठं नाव. मैफलीत पखवाज ऐकणाऱ्या शहरी रसिकाला त्यामागचा मांडव दिसत नाही. मांडवात ऐकणाऱ्याला मैफलीचं तिकीट परवडत नाही. बापूंचे हात मात्र दोन्हीकडचे होते.

फुकट म्हणजे कुणाच्या खर्चानं, हा प्रश्न विचारल्याशिवाय फुकटाचा इतिहास पुरा होत नाही. मे २०२४ मध्ये मॅडोनानं रिओ द जानेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर फुकट कार्यक्रम केला. सोळा लाख माणसं आली असा शहराचा अंदाज होता. खर्च सरकारनं आणि प्रायोजकांनी उचलला. पर्यटकांकडून तो वसूल होणार हे गणित आधीच मांडलेलं. सप्ताहाचं गणित भाकरीत असतं. वर्गणी असतेच, पण त्याहून मोठी बाब पंगतीची. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची परंपरा १८४७ पासूनची सांगतात; तिथली आमटी-भाकरी प्रसिद्ध आहे. आमटी मैदानावर मोठ्या कढयांत शिजते, भाकरी मात्र गावोगावच्या चुलींवर भाजल्या जातात आणि गाड्या भरभरून येतात. बीडकडेही हीच रीत. घरटी अमुक भाकरी, असं ठरतं. म्हणजे गाणं फुकट ऐकणारा आणि त्याचा खर्च उचलणारा माणूस एकच. खरं तर बाई एकच, कारण भाकरी थापणारे हात तिचे. निरोपाच्या दिवशी आभार मानले जातात ते देणगीदारांचे. पिठाचा हिशोब कुणी वाचून दाखवत नाही, ही या देखण्या रिवाजातली जुनी खोड.

कीर्तनकाराच्या बिदागीचं प्रकरण तर त्याहून नाजूक. कथा-कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत असं तुकोबांनी बजावलेलं, आणि जोगांच्या परंपरेतल्या कितीतरी जणांनी ते पाळलं. आज नावाजलेल्या कीर्तनकाराची तारीख वर्षभर आधी धरावी लागते आणि पाकिटाचा आकडा गावात कुजबुजत सांगितला जातो. काही मांडवांत कीर्तनापेक्षा विनोदच जास्त. मंचावर पुढाऱ्यांच्या खुर्च्याही आल्या. २०१६ च्या दसरा मेळाव्यात भगवानबाबांच्या भगवानगडावर राजकीय भाषण होऊ द्यायचं की नाही यावरून वाद पेटला, मेळावा गडाच्या पायथ्याशी घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षीपासून तो बाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला भरू लागला. गर्दी जमवण्याची विद्या एकदा गावात आली की ती फक्त टाळकऱ्यांच्या हातात राहत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. हाली रुपया पुढे चलनातून गेला, करोडगिरीचे नाके उठले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. सरहद्द पुसली गेली तेव्हा बीडच्या माणसाचं परमुलखात जाणं थांबायला हवं होतं. झालं उलटच.

१९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. उसाला तोडणारे हात हवे होते. बालाघाटच्या डोंगरात पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. १९७२ च्या दुष्काळानं तर लोकांचा घरी राहण्याचा धीरच मोडला. तेव्हापासून पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज इथली माणसं दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाची कोपी. पूर्वी पंधरा दिवस परमुलखात जात, आता पाच-सहा महिने.

तिथेही गाव असतं, गावची जत्रा असते, तमाशा येतो, सप्ताह बसतो. पण ऊसतोड्याला तिथे पाहुण्याची जागा नसते. पहाटे चारला तिकडे काकडा सुरू होतो तेव्हा तो फडात गेलेला असतो. रात्री नऊच्या कीर्तनाला बसावं तर गाडी भरायची वेळ. लांबून कर्ण्यावर अभंग ऐकू येतो आणि कोयता चालू राहतो. त्याचे आजोबा ज्या परमुलखात नुसतं ऐकायला म्हणून गेले होते, तिथेच त्याला आता ऐकायची सवड नाही. अलीकडे कोपीत मोबाइल आला आहे. उशाला ठेवून गडावरचं कीर्तन ऐकत झोपणारेही आहेत.

म्हणून चैत्रातल्या सप्ताहाला बीडच्या डोंगरपट्ट्यात निराळा अर्थ आला आहे. कारखान्याचा पट्टा पडतो, टोळ्या परततात, कुलपं उघडतात, अंगणं सारवली जातात. सप्ताह आणि परतीचे दिवस असे एकमेकांना येऊन भिडतात. सहा महिने ज्यांची तोंडं पाहिली नाहीत ते भाऊबंद पंगतीत समोरासमोर बसतात. आवंदा किती टन झाले, उचल किती फिटली, पोरीचं कुठे जमलं, हे सगळं दोन कीर्तनांच्या मधल्या वेळात बोलून होतं. लग्नं ठरतात. पुढच्या हंगामाची उचलसुद्धा कधी कधी मांडवाच्या मागेच ठरते, आणि ते पाहून हसावं की रडावं ते कळत नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली, आईबाप परमुलखात असताना पोरांची शाळा सुटू नये म्हणून. तिला नाव दिलं संत भगवानबाबांचं. स्वतः शिकायला सरहद्द ओलांडून आळंदीला गेलेल्या माणसाचं नाव घरीच राहून शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाला मिळालं. नावापुरतं तरी हे चोख जुळलं आहे. बाकी वसतिगृहात पोरं किती टिकतात आणि कोयत्याच्या मागे किती जातात, ते दर दिवाळीनंतर बीडच्या शाळांच्या हजेरीपटावर दिसतं.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नगर आणि बीडमध्ये पहिल्यांदा प्रवासी रेल्वे सुरू झाली. पालखीच्या वाटेनं पायी जाणाऱ्यांना तिचं फारसं अप्रूप नाही. पण कुणाला चैत्रात नारळी सप्ताहाला जायचं असेल तर आता सोय झाली आहे. जाताना अंथरायला एक सतरंजी न्यावी, मांडवात शक्यतो मागच्या रांगेत बसावं, आणि पंगतीत पहिली भाकरी पानात पडली की ती कुठल्या गावातून आली एवढं वाढणाऱ्याला जरूर विचारावं.